कॅमेऱ्यातला आवाज : परभणी जिल्ह्यातील व्हिडिओ चित्रीकरण, मोनोपासून सराउंडपर्यंत

चित्र टिपणारा कॅमेरा आणि ते फितीवर साठवणारा रेकॉर्डर ही दोन यंत्रे एकाच पेटीत बसवलेली पहिली घरगुती उपकरणे १९८३-८४ मध्ये बाजारात आली. सोनीचा बीटामूव्ही १९८३ चा, जेव्हीसीचा जीआर-सी१ त्याच्या पुढच्या वर्षीचा. १९८५ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचा व्हिडिओ-८ आला. त्याआधी कॅमेरा एका हातात, रेकॉर्डर खांद्याला लटकवलेला आणि दोहोंमध्ये जाड केबल असा सरंजाम सांभाळावा लागे. भारतात १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन सुरू झाले, पाठोपाठ व्हीसीआर आले. ऐंशीचे दशक सरताना आणि नव्वदीच्या पहिल्या वर्षांत लग्नाच्या चित्रीकरणाचा धंदा मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा या गावांत फोटो काढणाऱ्यांनीच तो उचलला. ज्याला कालपर्यंत लोक ‘फोटोग्राफर’ म्हणत, तो आता ‘शूटिंगवाला’ झाला.

या धंद्याचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा चित्राचीच प्रगती सांगितली जाते: फित लहान झाली, रंग सुधारले, पडदा रुंद झाला. आवाजाची वाट मात्र सरळ नव्हती. कॅमेऱ्याच्या पेटीवर ‘स्टिरिओ’, पुढे ‘५.१ सराउंड’ अशी अक्षरे आली, पण मांडवातला आवाज घरातल्या टीव्हीपर्यंत जाताना त्याची दिशा वाटेत कुठेतरी हरवतच राहिली. ती नेमकी कुठे हरवली, हे पाहण्यासाठी आधी या जिल्ह्यात टिपण्यासारखे होते काय, ते पाहायला हवे.

गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मगाव. गोदाकाठच्या या पट्ट्यात अखंड हरिनाम सप्ताह आणि काल्याचे कीर्तन हा गावोगावचा वार्षिक क्रम आहे. वारकरी कीर्तनाची मांडणी ध्वनीच्या दृष्टीने फार नेटकी असते. कीर्तनकार मधोमध उभा, मागे टाळकऱ्यांची अर्धवर्तुळाकार रांग, एका अंगाला मृदंग, दुसऱ्या अंगाला पेटी आणि समोर श्रोते. कीर्तनकाराने चरण सोडला की मागची रांग तो उचलते, मृदंग त्याला भिडतो आणि ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर समोरून, म्हणजे श्रोत्यांतूनही उठतो. मध्यभागी बसलेल्या माणसाला हा आवाज चारी बाजूंनी येतो. गोंधळाचे रिंगण यापेक्षा लहान असते. संबळ एकीकडे, तुणतुणे दुसरीकडे, नायक पुढे येतो आणि मागे सरतो. परभणीचे राजाराम कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांनी हा प्रकार मोठ्या रंगमंचावर नेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. कव्वालीच्या मैफिलीत मुख्य गाणारा आणि पेटी पुढे, ढोलक बाजूला आणि टाळ्यांची साथ मागच्या ओळीतून, अशी ठरलेली बैठक असते. लग्नाची वरात तर चालती. बँजो, ताशे आणि हलगी ऐकणाऱ्याच्या अंगावरून पुढे निघून जातात.

हे सगळे दिशा असलेले आवाज आहेत. पण यंत्रातून येणारा आवाज मात्र या भागाने अनेक वर्षे एकाच बिंदूतून ऐकला. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींवर ऐकू येई, तेही अर्थातच मोनो. मंदिराच्या शिखरावर किंवा लिंबाच्या झाडावर चार दिशांना चार कर्णे बांधलेले असत, तरी त्या चौघांना एकाच अॅम्प्लिफायरमधून एकच आवाज जाई. आवाज मोठा असणे आणि आवाज पसरलेला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा अनुभव देणारी जागा म्हणजे सिनेमाचे थिएटर. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह निघाला खरा. पण तो तसा ऐकवू शकणारी थिएटरे मोठ्या शहरांतच होती.

अशा ठिकाणी पहिला व्हीएचएस कॅमेरा आला, तेव्हा त्याच्याकडून आवाजाची फार अपेक्षा कुणी केली नाही. त्यामागे यांत्रिक कारणही होते. व्हीएचएसच्या अर्धा इंच फितीवर चित्र तिरप्या रेघांत लिहिले जाई आणि आवाजासाठी फितीच्या कडेला एक अरुंद सरळ पट्टी राखलेली असे. चित्राचे हेड वेगाने फिरत असल्याने चित्राला फितीचा वेग कमी असला तरी चालत असे. आवाजाचे हेड मात्र स्थिर. त्याच्यासमोरून फित जितक्या वेगाने सरकेल तितकाच तपशील उमटणार. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत हा वेग सेकंदाला २.३४ सेंटिमीटर होता. गाण्याच्या साध्या कॅसेटचा वेग ४.७६ सेंटिमीटर. म्हणजे लग्नाच्या कॅसेटमधला आवाज, वेगाच्या हिशेबाने, घरातल्या टेपरेकॉर्डरच्या निम्म्याहून कमी. अमेरिकेत आणि जपानात चालणाऱ्या एनटीएससी पद्धतीत तोच वेग ३.३३ सेंटिमीटर होता. पाल देशांच्या वाट्याला चित्राच्या जादा रेघा आल्या आणि आवाज मात्र खालचा आला. साधारण आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही या पट्टीवर टिकत नसे. माणसाच्या बोलण्याला एवढे पुरते. टाळाला पुरत नाही. टाळाची झळाळी असते ती या मर्यादेच्या वरच. ती कापली की उरतो नुसता खडखडाट. जुन्या कीर्तनाच्या कॅसेटमध्ये टाळ पत्र्यासारखे वाजतात, त्याचे मूळ इथे आहे. त्या टाळकऱ्यांचा त्यात काही दोष नाही.

यावरचा उपाय जपानी कंपन्यांनी १९८३-८४ मध्येच शोधला होता. आधी बीटा आणि मग व्हीएचएससाठी आलेल्या या ‘हाय-फाय’ पद्धतीत आवाजही फिरत्या हेडनेच लिहिला जाई. व्हीएचएसमध्ये फिरत्या ड्रमवर आवाजासाठी दोन वेगळी हेड बसवली. ती आधी आवाज फितीच्या थरात खोलवर लिहीत आणि लगेच मागून येणारे चित्राचे हेड वरच्या थरात चित्र लिही. दोन्ही एकमेकांवर, पण हेडचे कोन वेगळे असल्याने वाचताना घोटाळा होत नसे. फित आणि हेड यांच्यातला सापेक्ष वेग आता सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर झाला. आवाज स्वच्छ झाला, त्याचा पल्ला वीस हजार हर्ट्झपर्यंत गेला आणि डावा-उजवा असे दोन स्वतंत्र मार्ग मिळाले. छोट्या कॅमेऱ्यात मात्र हे बसवणे अवघड होते. व्हीएचएसचा ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा. लहान कॅसेटच्या व्हीएचएस-सी कॅमेऱ्यासाठी तो सुमारे ४१ मिलिमीटरवर आणला होता आणि त्यावर आधीच चित्राची चार हेड होती. त्यात आवाजाची आणखी दोन हेड घालणे म्हणजे खर्च आणि जागा दोन्हींची ओढाताण. त्यामुळे हाय-फाय आधी घरातल्या महागड्या व्हीसीआरमध्ये स्थिरावले, कॅमेऱ्यात ते सावकाश उतरले. व्हिडिओ-८ ची रचना मुळातच वेगळी होती. तिथे चित्राच्याच हेडने आवाजही लिहिला जाई, म्हणून स्वस्तातल्या व्हिडिओ-८ कॅमेऱ्याचा मोनो आवाजसुद्धा साध्या व्हीएचएसपेक्षा सरस होता.

तरीही लग्नाच्या धंद्यात व्हिडिओ-८ नव्हे, खांद्यावरचा मोठा व्हीएचएस कॅमेरा टिकला. पॅनासॉनिकचे एम-३०००, एम-९००० हे कॅमेरे देशभरातल्या शूटिंगवाल्यांच्या ओळखीचे होते. पूर्ण आकाराची कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालता येई, गिऱ्हाइकाला ती तशीच देता येई, आणि मोठा कॅमेरा पाहून वधुपित्याला पैसे दिल्याचे समाधानही मिळे. आवाजाच्या बाबतीत धंद्याला हवे होते ते वेगळेच: आवाज नंतर बदलता यावा. ‘ऑडिओ डब’ नावाचे एक बटण यंत्रांवर असे. ते दाबले की चित्र तसेच राहून कडेच्या पट्टीवरचा मूळ आवाज पुसला जाई आणि तिथे चित्रपटातले गाणे भरता येई. वरातीवर एक गाणे, हळदीवर दुसरे, पाठवणीवर तिसरे, हा रिवाज इथूनच पक्का झाला. फिरत्या हेडने लिहिलेला हाय-फाय आवाज चित्राच्या पोटात गुंतलेला असल्याने तो असा बदलता येत नसे. म्हणजे जो आवाज उत्तम होता तो धंद्याला अडचणीचा, आणि जो सुमार होता तो सोयीचा.

याचा एक परिणाम आजही हाताशी येतो. हाय-फाय कॅमेऱ्यावर चित्रित करून नंतर त्याच फितीवर गाणे डब केले असेल, तर त्या एका कॅसेटमध्ये दोन आवाज असतात. साध्या व्हीसीआरवर लावली तर गाणे ऐकू येते. हाय-फाय यंत्रावर लावली तर त्याच चित्राखाली त्या दिवशीचा मांडव ऐकू येतो: भटजींचा आवाज, ‘शुभमंगल सावधान’नंतरचा गलका, अक्षतांच्या गडबडीत कुणीतरी कुणाला मारलेली हाक. संपादनाच्या मिक्सरमधून गेलेल्या, म्हणजे प्रत केलेल्या कॅसेटमध्ये हा दुसरा आवाज राहत नाही. मूळ कॅसेट म्हणूनच मोलाची.

दोन मार्ग मिळाले तरी दोन वेगळे आवाज मिळतीलच असे नाही. ते माइकवर अवलंबून. ब्रिटिश अभियंता अॅलन ब्लूमलाइन याने १४ डिसेंबर १९३१ रोजी ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात आजच्या स्टिरिओचा जवळजवळ सगळा पाया आहे. ध्वनी उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. दोन कानांत साधारण १७-१८ सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे डाव्या कानाला होणारा उशीर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. मेंदू एवढ्यावरून दिशा ठरवतो. फ्रेंच रेडिओने रूढ केलेल्या प्रसिद्ध मांडणीत दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात ठेवतात, ते याच हिशेबाने. आता हीच गोष्ट मुठीएवढ्या कॅमेऱ्यात करायची. माइकच्या दोन कॅप्सूल एकमेकींपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. मग उशीर उरतो ०.०६ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि परभणीच्या वैशाखात पारा ४२ अंशांवर गेला की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५६ मीटर होतो, म्हणजे तो उशीरही आणखी थोडा घटतो. एवढ्यावर मेंदूला काही कळत नाही.

म्हणून छोट्या कॅमेऱ्यांनी उशिराचा नाद सोडला आणि दोन आडवाटा धरल्या. पहिली ब्लूमलाइनच्या कामातूनच निघालेली: एक माइक समोरचा ऐकतो, दुसरा दोन्ही बाजूंचा, मग दोघांची बेरीज म्हणजे एक बाजू आणि वजाबाकी म्हणजे दुसरी. बाजूच्या माइकचे प्रमाण वाढवले की आवाज पसरतो, कमी केले की आक्रसतो. कॅमेऱ्यावरचा ‘वाइड’चा पर्याय किंवा चित्र जवळ घेताना आवाजही जवळ आणणारा ‘झूम माइक’ अशाच बेरीज-वजाबाकीवर चालतो. दुसरी वाट म्हणजे सर्व दिशांनी सारखे ऐकणाऱ्या दोन कॅप्सूल घ्यायच्या, एकीचा सिग्नल किंचित उशिरा करून दुसरीतून वजा करायचा आणि त्यातून दिशा घडवायची. यात एक खोट आहे. खालच्या पट्टीतला आवाज दोन्ही कॅप्सूलांवर जवळजवळ सारखाच पडतो. वजाबाकी केली की तोच नाहीसा होतो. तो परत आणायचा तर इलेक्ट्रॉनिक रीतीने फुगवावा लागतो, आणि फुगवताना माइकची स्वतःची सरसर आणि वारा हेही फुगतात. उघड्या माळावरच्या मांडवात, वैशाखातल्या वाऱ्यावर टिपलेल्या कॅमेऱ्याच्या आवाजात जी घरघर असते, तिचा मोठा हिस्सा या हिशेबाचा आहे. माइकवर स्पंजची टोपी चढवली की ती बरीच कमी होते. एवढी स्वस्त सुधारणा या सगळ्या इतिहासात दुसरी नाही, आणि तीच सर्वांत जास्त वेळा घरी विसरली जात असे.

नकली पसाऱ्याची कलाही तोवर बरीच पुढे गेली होती. हेल्मुट हास याने १९४९ मध्ये दाखवले की तोच आवाज काही मिलिसेकंदांनी पुन्हा आला तर कान तो वेगळा ऐकत नाही. दिशा पहिल्या आवाजाची धरतो आणि दुसऱ्याने आवाज भरीव वाटतो. मॅनफ्रेड श्रोडर याने १९५८ मध्ये एकाच मोनो आवाजापासून कृत्रिम स्टिरिओ करून दाखवला. डेव्हिड हाफलरच्या जोडणीत डाव्या आणि उजव्या मार्गांतला फरक मागच्या स्पीकरला दिला की साध्या स्टिरिओतूनच मागून येणारा आवाज निघे. ह्यूझ एअरक्राफ्टमध्ये आर्नल्ड क्लेमन याने विकसित केलेली एसआरएस पद्धत पुढे टीव्हींमध्ये गेली. टू-इन-वनवरच्या ‘स्टिरिओ वाइड’ बटणापासून टीव्हीच्या ‘सराउंड’पर्यंत सगळ्यांचे कूळ हेच. कॅमेऱ्यांनी ते पुढे घेतले, कारण दोन स्पीकर जवळजवळ असलेल्या टीव्हीवर खरा स्टिरिओसुद्धा अरुंदच ऐकू येतो.

पण घरातला टीव्ही एकाच स्पीकरचा असेल तर? नव्वदीत बहुतेक घरांत तो तसाच होता. त्यावर डावा आणि उजवा एकत्र येतात, आणि बेरीज-वजाबाकीने केलेला पसारा त्या बेरजेत अलगद नाहीसा होतो. हे निदान निरुपद्रवी. खरे नुकसान होई ते वायरींमुळे. बाहेरच्या माइकची एका बाजूची वायर उलटी जोडली गेली असेल, तर मोनो टीव्हीवर मधला आवाज स्वतःलाच खोडतो: मंगलाष्टका म्हणणारा ओठ हलवताना दिसतो, ऐकू येतो फक्त आजूबाजूचा गलका. त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे मोनो माइकची साधी पिन कॅमेऱ्याच्या स्टिरिओ सॉकेटमध्ये घालणे. त्या पिनने उजवा मार्ग जमिनीला जोडला जातो आणि सगळा कार्यक्रम फक्त डाव्या बाजूला रेकॉर्ड होतो. कीर्तनाच्या आणि भाषणांच्या असंख्य चित्रफिती अशा एका कानाच्या आहेत. पन्नास-शंभर रुपयांच्या योग्य पिनने हे टळले असते.

आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे मंडल हाही छोट्या कॅमेऱ्याचा कायमचा सोबती. हळू आवाज तो वर उचलतो, मोठा खाली दाबतो. शांत घरात हे सोयीचे. वरातीत काय होते ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. सुतळी बॉम्ब फुटतो. मंडल दोन्ही मार्ग एकदम खाली खेचते. क्षणभर बँजो, ताशे, माणसे सगळी दूर गेल्यासारखी होतात आणि मग दोन-तीन सेकंदांत हळूहळू वर चढत परत येतात. तेवढ्यात दुसरा बॉम्ब. अशा चित्रफितीत आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होत राहतो. भटजींच्या दोन ओळींमधल्या शांततेत हेच मंडल उलट काम करते, आणि मागच्या पंगतीतल्या वाढप्याची आरोळी लग्नघटिकेच्या मधोमध येऊन बसते. स्टिरिओ असो वा सराउंड, हे मंडल बंद करण्याची सोय नसलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या आवाजाचे जवळ-दूर विश्वासार्ह राहत नाही.

१९९५ मध्ये डीव्ही फित आली आणि आवाज आकड्यांत लिहिला जाऊ लागला. इथे दोन पर्याय होते: ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांचे दोन मार्ग, किंवा ३२ किलोहर्ट्झ आणि १२ बिटांचे चार. चार मार्गांचा पर्याय ऐकायला समृद्ध वाटतो, पण तो पसाऱ्यासाठी नव्हता. पहिल्या जोडीत मूळ आवाज ठेवून दुसरीत गाणे किंवा निवेदन भरता यावे यासाठी तो होता. धंद्याची जुनी गरज तंत्रज्ञांनी शेवटी मान्य केली, असे म्हणायला हरकत नाही. सोनीचे पीडी-१५० आणि पीडी-१७०, पॅनासॉनिकचे एमडी-९००० आणि एमडी-१०००० हे या पिढीतले ओळखीचे कॅमेरे. पीडी मालिकेत व्यावसायिक माइकची तीन पिनांची सॉकेट होती आणि प्रत्येक मार्गाची पातळी हाताने ठरवता येई. एका मार्गावर कीर्तनकाराच्या माइकची वायर, दुसऱ्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, अशी विभागणी आता करता येऊ लागली. हा स्टिरिओ नव्हे. तरी छोट्या कॅमेऱ्याच्या आवाजात झालेली सर्वांत मोठी सुधारणा हीच, कारण आवाज बिघडतो तो मुख्यतः अंतराने. पंधरा फुटांवरचा उत्तम स्टिरिओ माइक एका वितीवरच्या साध्या माइकपुढे टिकत नाही.

पेटीवर ‘५.१’ आले ते याच्या पुढच्या टप्प्यात. २००५ मध्ये सोनीने लहान डीव्हीडीवर चित्रण करणारा डीव्हीडी-४०३ हा हँडीकॅम काढला. त्यात सराउंड माइक अंगचाच होता. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी हे स्वरूप जाहीर केले. त्यात डॉल्बी डिजिटलच्या पद्धतीने पुढचे डावे-मधले-उजवे, मागचे डावे-उजवे आणि फक्त खर्जाचा एक, असे मार्ग ठेवता येत. बऱ्याच कॅमेऱ्यांत मार्गांइतक्या कॅप्सूल नसत. थोड्या कॅप्सूलांच्या बेरीज-वजाबाकीतून बाकीचे मार्ग काढले जात, मधला मार्ग बाजूच्यांतून बने आणि खर्जाचा मार्ग चाळणी लावून वेगळा काढला जाई. त्या अर्थाने हे सराउंड अर्धे खरे आणि अर्धे घडवलेले. सोनीने २००७ च्या सुमारास ब्लूटूथवर चालणारा एक छोटा माइकही काढला. तो बोलणाऱ्याच्या छातीवर लावायचा आणि त्याचा आवाज थेट मधल्या मार्गात जायचा, भोवताल इतर मार्गांत. वारकरी कीर्तनासाठी याहून नेमकी कल्पना सुचवता आली नसती: कीर्तनकार मधे, टाळ-मृदंग पुढच्या दोन बाजूंना, श्रोत्यांचा गजर मागे.

प्रत्यक्षात मांडवात मागच्या मार्गांना मिळत असे ते वेगळे. कॅमेऱ्याच्या लगेच मागे कॅमेरा धरणारा असतो. त्याचा श्वास, ‘जरा सरका, जरा सरका’ हे पालुपद आणि सन गनच्या दिव्याची वायर ओढणाऱ्या पोराला दिलेल्या सूचना, हे सगळे मागच्या स्पीकरांत उतरे. शिवाय हा काळ महाराष्ट्रातल्या कडक भारनियमनाचा. मांडवाच्या मागे जनरेटर हा ठरलेलाच. त्याची धडधड खालच्या पट्टीत असते, म्हणून ती नेमकी खर्जाच्या मार्गात जाऊन बसे. डीजेचा ठोका आणि वाराही तिथेच. घडवलेल्या खर्जाला संगीत आणि डिझेल इंजिन यांतला फरक कळत नाही.

आणि हे टिपलेले गिऱ्हाइकापर्यंत कसे जाई? या शतकाच्या पहिल्या दशकात लग्नाचा कार्यक्रम व्हीसीडीवर दिला जाई. व्हीसीडीत आवाजाचे दोनच मार्ग, सेकंदाला २२४ किलोबिटांचे; सराउंडला तिथे जागाच नाही. डीव्हीडीत जागा होती, पण संपादनाच्या संगणकात घेताना सहा मार्ग दोनांत मिसळले जात, आणि मिसळले नाहीत तरी वर गाणे चढतच असे. शेवटी ती डिस्क लागे दोन स्पीकरांच्या टीव्हीवर, नाहीतर गावातल्या केबलवर. सहा मार्गांचा आवाज सहा स्पीकरांवर ऐकायचा तर कॅमेऱ्याची मूळ फाइल आणि होम थिएटर दोन्ही लागतात. बहुतेक घरांत मूळ फाइल कधी पोहोचलीच नाही. स्टुडिओत हार्ड डिस्क भरली की आधी तीच पुसली जाई.

२००८ नंतर तर गाडी उलटी फिरली. कॅननचा ५डी मार्क २ आला आणि लग्नाचे चित्रीकरण खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडून फोटोच्या कॅमेऱ्याकडे वळू लागले. चित्र सिनेमासारखे, पार्श्वभूमी धूसर. पण त्याचा अंगचा माइक मोनो. त्याच वर्षीच्या निकॉन डी-९० मध्येही आवाज मोनोच होता. पंचवीस वर्षांत दोन मार्ग, चार मार्ग, सहा मार्ग असे चढत आलेले यंत्र पुन्हा एकावर आले आणि धंद्याला त्याची झळ लागली नाही, कारण आवाज गाण्याने भरायचा हे आधीच ठरलेले होते. ज्यांना मूळ आवाज हवा होता त्यांनी तो कॅमेऱ्याबाहेर काढला: झूम कंपनीचा एच-४ एन किंवा एच-१ असा खिशात मावणारा रेकॉर्डर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडायचा आणि संगणकावर चित्राशी जुळवायचा. सप्ताहांचे आणि कीर्तनांचे चित्रीकरण आज मोठ्या प्रमाणावर याच रीतीने, थेट मिक्सरमधून आवाज घेऊन होते. शब्द स्वच्छ ऐकू येतात. श्रोत्यांचा गजर मात्र त्यात फार क्षीण असतो, कारण मिक्सरला तो ऐकूच येत नाही. दोन माइक श्रोत्यांकडे तोंड करून लावले की ही उणीव भरून निघते. ज्या मोजक्या चित्रफितींत असे केलेले असते, त्या ऐकताना कीर्तन कुठल्या गावात चालले आहे हे उमजते.

स्टिरिओ परत आला तो मोबाइलमधून. २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून त्या मालिकेत व्हिडिओचा आवाज स्टिरिओ झाला. इतर कंपन्यांच्या फोनांतही तो आला. फोन आडवा धरला की दोन टोकांच्या माइकमध्ये चौदा-पंधरा सेंटिमीटर अंतर पडते, म्हणजे जवळपास दोन कानांएवढे. जुन्या हँडीकॅमला जे अंतर कधी लाभले नाही ते फोनला आकारामुळे आपसूक मिळाले. उभा धरला की डावे-उजवे हे वर-खाली होते, आणि वराती बहुधा उभ्याच टिपल्या जातात. २०२४ च्या आयफोन १६ मालिकेत चार माइकच्या आधारे भोवतालचा आवाज साठवायची आणि नंतर बोलणाऱ्याचा आवाज भोवतालापासून वेगळा करायची सोय आली. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला घडवलेला सराउंडही आता बराच पटतो, कारण डोक्याचा आणि कानाच्या पाळीचा आवाजावर होणारा परिणाम गणिताने मोजून त्यात मिसळलेला असतो.

मागे उरल्या आहेत जुन्या कॅसेट. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. त्यानंतर कॅसेटमधले चित्र संगणकावर उतरवून देण्याचे काम जागोजागी चालते आणि ते बहुतेक वेळा हाती लागेल त्या साध्या व्हीसीआरवर होते. साधे यंत्र फक्त कडेची पट्टी वाचते. खोलात लिहिलेला हाय-फाय आवाज तसाच मागे राहतो आणि उतरवून झाल्यावर कॅसेट टाकून दिली जाते. म्हणून उतरवण्याआधी ती एकदा हाय-फाय यंत्रावर लावून पाहावी, दोन्ही आवाज वेगवेगळे साठवावेत, आणि गाण्याखाली दडलेला मांडव ऐकू आला तर तो गाण्यात मिसळू नये.